मागापासून मैफलीपर्यंत

कलावंताला आश्रयदाता तारतो की बाजारपेठ, या प्रश्नाची चर्चा करताना आपल्याकडे बहुधा संस्थानिक आणि त्यांचे दरबारी गवई यांचेच दाखले दिले जातात. अठराव्या शतकातील स्कॉटलंडमधील व्हायोलिनवादक नील गाऊ याचे चरित्र या संदर्भात फारसे कोणी वाचत नाही. ते वाचण्याजोगे आहे.

पर्थशायर परगण्यात १७२७ साली त्याचा जन्म झाला. डंकेल्डनजीकच्या इन्व्हर या खेड्यात तो वाढला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. वडील विणकर होते. मुलानेही मागावर बसावे हे ओघानेच आले. नवव्या वर्षाच्या सुमारास त्याने व्हायोलिन हाती घेतले, ते बव्हंशी आपले आपणच. रीतसर शिक्षण थोडेच आणि तेही उशिरा. १७४५ मध्ये एका स्पर्धेत तो पहिला आला. परीक्षक अंध होता आणि शंभर वादकांतूनही या मुलाची कमान आपण ओळखू, असा निर्वाळा त्याने दिला होता, असे सांगतात. कमान वर नेतानाचा आघात सामान्य वादकाच्या हातून दुबळा पडतो. गाऊच्या हातून तो खाली येणाऱ्या आघाताइतकाच जोरकस निघे. स्ट्रॅथस्पे या तुटक, ठसकेबाज लयीच्या नृत्यसंगीताचा तर हा प्राणच होय.

अॅथॉलच्या ड्यूक घराण्याचा आश्रय त्याला लाभला. उमरावांच्या नृत्यसमारंभांतून त्याला अगत्याने बोलावणे येई. भाऊ डोनाल्ड साथीला चेलो वाजवी. १७८७ साली कवी रॉबर्ट बर्न्स त्याला भेटून गेला. सरदार-दरकदारांची चित्रे रंगविणाऱ्या रेबर्नने या विणकरपुत्राचेही चित्र रंगविले. त्यात गाऊ आपल्या चौकडीच्या विजारीतच बसलेला दिसतो, याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते.

१७९९ मध्ये जवाचे पीक बुडाले आणि मद्य गाळण्यास बंदी झाली. गाऊने व्हिस्कीला निरोप देणारी चाल बांधली. सरकारी धान्यनीतीवर इतके सुरेल भाष्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वचितच आढळेल! १८०५ मध्ये त्याची दुसरी पत्नी मार्गारेट वारली. तीन तपांहून अधिक काळच्या या सहचारिणीसाठी त्याने रचलेली शोकधून आजही वाजविली जाते, आणि त्याची सर्वोत्तम रचना म्हणून तिचेच नाव घेतले जाते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. गाऊच्या नावावर सुमारे सत्त्याऐंशी चाली मोडतात; त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा जुन्या अथवा इतरांच्या चालींचा आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. विल्यम मार्शल या समकालीन रचनाकाराच्या काही चालीही गाऊंच्या संग्रहांत त्याच्या नावाविना शिरल्या. लोकसंगीतात चाल सर्वांचीच असते, असे समर्थन केले जाते. चाल तोंडोतोंडी फिरते तोवर ते मान्य करता येईल. परंतु १७८४ पासून हे संग्रह छापून विकले जात होते. विक्रीच्या वस्तूवर दुसऱ्याचे नाव न घालणे याला परंपरा म्हणता येणार नाही. अर्थात त्यातला व्यापारी हात बापापेक्षा मुलाचा, नॅथनिएलचा अधिक होता.

१ मार्च १८०७ रोजी नील गाऊ इन्व्हर येथे निवर्तला. लिटल डंकेल्डच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. एडिंबरोमध्ये संगीत-प्रकाशनाचा व्यवसाय थाटून नॅथनिएलने पुष्कळ पैसा मिळविला आणि १८२७ साली त्याचे दिवाळे निघाले.