खाशाबा जाधव : लाल मातीतून मॅटवर

गणपतीत मुलांच्या स्पर्धा सुरू झाल्या की मंडपामागे दरवर्षी तेच दृश्य दिसते. घरी सगळे बिनचूक करणारा मुलगा नाव पुकारताच गांगरतो. आम्ही मोठी माणसे त्याची पाठ थोपटतो, घाबरू नकोस म्हणतो आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो. या वर्षी अशाच एका संध्याकाळी आम्हाला खाशाबा जाधवांची आठवण झाली.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पैलवान, तेव्हा लाल माती घरचीच. अंगापिंडाने मात्र किरकोळ. ताकदीपेक्षा चपळाई आणि डावावरची पकड हे त्यांचे भांडवल. ढाक हा हुकमी डाव.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. आमच्या सीमाभागात आखाडे पाहत वाढलेल्यांना पुढची अडचण वेगळी सांगायला नको. मातीतली कुस्ती चीतपटीवर संपते. मॅटवर घड्याळ चालते, गुण मोजले जातात. पाय रोवायला माती नाही, नियम परके. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परतल्यावर त्यांनी हार मनाला लावून घेतली नाही. उणीव कोठे राहिली ते हेरले आणि चार वर्षे त्याच कामाला दिली. वजनी गटही वरचा, बँटमवेट, घेतला. अनोळखी गोष्टीची धास्ती ओळख वाढवूनच जाते, असे आमचे मत आहे.

पण हेलसिंकीची वाट सोपी नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी कुस्ती झाली आणि प्रतिस्पर्ध्याला त्यांनी आस्मान दाखवले. मग प्रश्न पैशांचा. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गुरुजनांचे घर गहाण आहे हे मनात ठेवून परदेशी मॅटवर उतरायचे! आजच्या खेळाडूंबरोबर मानसतज्ज्ञ असतात, खाशाबांबरोबर हे ओझे होते.

जुलै १९५२. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल मागे टाकून ते जपानच्या शोहाची इशीसमोर उभे राहिले. पंधरा मिनिटांहून अधिक चाललेली ती झुंज एका गुणाने हातची गेली. इशीने पुढे सुवर्ण जिंकले. अंगाचा घाम वाळण्याआधीच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या मम्मदबेयोवशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो मांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. इथे मनोधैर्य कमी पडले असे कोणी म्हणू नये. दमलेल्या शरीराला केवळ मनाच्या बळावर किती ओढणार? त्या घडीला हवे होते ते बाजूला उभे राहून बोलणारे एक माणूस.

तरीही कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. कराडात दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सत्तावीस वर्षे नोकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर खाशाबांनी आधी काय केले, हे आम्हाला पदकाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, त्यांतून आलेले पैसे खर्डेकर सरांच्या हाती दिले आणि त्यांचे घर सोडवले.