विल्यम ब्रूक ओशॉनेसी

सर विल्यम ब्रूक ओशॉनेसी (१८०९, लिमरिक, आयर्लंड – ८ जानेवारी १८८९, साउथसी, इंग्लंड) हे आयरिश वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि भारतातील तारायंत्र व्यवस्थेचे पहिले अधीक्षक होते. वेदनाशमनासाठी गांजाचा उपयोग पाश्चात्त्य वैद्यकात त्यांच्या संशोधनामुळे रूढ झाला.

एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातील पाणी व क्षार कमी होतात, हे त्यांनी वयाच्या बाविशीतच दाखवून दिले. त्याच आधारावर टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये शिरेतून क्षारजल देण्याचा प्रयोग केला. १८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कलकत्त्यास आले आणि पुढे तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

गांजाविषयीचे संशोधन

भांग, गांजा व चरस यांचा औषधी वापर भारतात जुनाच होता. ओशॉनेसी यांनी पंडित व हकीम यांच्याकडून माहिती मिळवली, संस्कृत व फारसी ग्रंथांतील उल्लेख जमवले आणि प्रथम प्राण्यांवर प्रयोग केले. मांसाहारी प्राण्यांना नशा लवकर चढे, चरणाऱ्या प्राण्यांवर मात्र परिणाम अल्प होई. त्यानंतर संधिवात, धनुर्वात, पटकी, जलसंत्रास आणि बालकांचे झटके या विकारांत त्यांनी गांजाचा अर्क दिला. १८३९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

संधिवाताच्या एका रुग्णाचे हातपाय ठेवावेत त्या स्थितीत ताठ राहू लागले. काही तासांनी तो सावरला. हा प्रकार त्यांनी लपवला नाही. जलसंत्रासाचा रुग्ण वाचला नाही, परंतु त्याचे हाल कमी झाले, असेही त्यांनी नमूद केले. वेदना शमवणे आणि रोग बरा करणे यांतील हा भेद त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसतो. अर्थात, रुग्ण मोजके होते आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता. आजच्या निकषांवर हा पुरावा दुबळा ठरतो.

१८४१ मध्ये ते इंग्लंडला परतले. त्यांनी नेलेल्या गांजापासून लंडनचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी अर्क तयार केला व तो प्रचारात आला. मात्र प्रत्येक खेपेची तीव्रता निराळी असल्याने मात्रा ठरवणे अवघड जाई. मुख्य मादक घटक टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळा झाला तो १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये. जुनाट वेदनेवरील उपयोगाबाबत तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांसाठी पुरावा भरीव मानला, तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये त्यासाठी टीएचसी देऊ नये असे सुचवले.

तारायंत्र व उत्तरायुष्य

१८४३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. भारतात परतल्यावर, लॉर्ड डलहौसी यांच्या काळात त्यांनी कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली. १८५६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८६१ मध्ये त्यांनी नाव बदलून विल्यम ओशॉनेसी ब्रूक असे केले. त्यानंतर वैद्यकीय संशोधनाकडे ते वळले नाहीत.