ग्रंथसेवक कै. विनायक लक्ष्मण भावे

पनवेलहून गोव्याच्या वाटेस लागले की पळस्पे लागते. पळस्पे फाटा ठाऊक नाही असे कुटुंब आपल्या सभासदांत क्वचितच सापडेल. परंतु मराठी ग्रंथांची आयुष्यभर सेवा करणारे कै. विनायक लक्ष्मण भावे ६ नोव्हेंबर १८७१ रोजी याच गावी जन्मले, हे आमच्या तरुण मंडळींस ठाऊक असतेच असे नाही. म्हणून त्यांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहोत.

भावे शास्त्र विषयाचे पदवीधर होते व त्यांचा व्यवसाय मिठागरांचा. वाङ्मयाशी पोटापाण्याचा संबंध नसलेल्या या गृहस्थांनी विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या सहकार्याने १ जून १८९३ रोजी ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते.

त्या काळी वाचनालये नव्हती असे नाही. इंग्रज अंमलदारांच्या प्रोत्साहनाने गावोगावी नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या निघाल्या होत्या. रत्नागिरीची तर १८२८ पासूनची. परंतु त्यांत मान इंग्रजी ग्रंथांचा. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली होती, तथापि नोंद होणे निराळे आणि ते पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती येणे निराळे. केवळ मराठी ग्रंथांचाच संग्रह करावयाचा, हा ठाण्याच्या संस्थेचा संकल्प म्हणूनच नवा होता. पुढे १८९८ मध्ये मुंबईसही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले.

संकल्प सोपा, पण तो चालविणे किती अवघड! प्रकाशकाने ग्रंथालयास प्रत द्यावी असे बंधन नव्हते; चार मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांपुरता तसा कायदा झाला तो १९५४ मध्ये. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा तर १९६७ चा. तोवर अशा संस्थांची भिस्त वर्गणी, देणगी आणि पदरमोड यांवरच असे. त्यात कोकणपट्टीची दमट हवा, वाळवी आणि कसर! शाळेतील पुस्तकांचे कपाट आम्ही काही वर्षे सांभाळले आहे. एवढ्याशा कामातही उन्हाळ्यात पुस्तकांस ऊन दाखविणे, पावसाळ्यापूर्वी फळ्या झाडणे आणि नेलेले पुस्तक परत मागताना वाईटपणा घेणे चुकत नाही. मग सबंध भाषेचे ग्रंथ जमवू पाहणाऱ्यांचे श्रम काय वर्णावेत!

ग्रंथपालाची खरी कसोटी मात्र याहून खोल आहे. पुस्तक वाचकास द्यावे तर ते झिजते, हरवते. कुलपात ठेवावे तर ते असून नसल्यासारखेच. दोन्ही कर्तव्येच, आणि रोज त्यांची सांगड घालावी लागते. भावे यांनी हस्तलिखितांच्या बाबतीत यातून जो मार्ग काढला तो आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. जुन्या पोथ्या घरोघरी देव्हाऱ्यात वा माळ्यावर पडून होत्या. त्यांतील काव्ये छापून वाचकांपुढे ठेवण्यासाठी त्यांनी १९०३ मध्ये 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढले. एकुलती एक पोथी नष्ट झाली तर कवीही नष्ट; छापील प्रती चार घरी गेल्या की तो वाचला. महानुभावांचे सांकेतिक लिपींत बंद असलेले वाङ्मय उजेडात आणण्याच्या कार्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

या साऱ्या संग्रहवृत्तीचे फळ म्हणजे 'महाराष्ट्र सारस्वत' हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास. आरंभी मासिकातून आलेल्या या लेखनाची खूप वाढविलेली आवृत्ती १९१९ मध्ये निघाली. नवी सामग्री हाती येताच जुने लेखन तपासून वाढविण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्या ग्रंथास पुरवणी जोडली. १२ सप्टेंबर १९२६ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी भावे निवर्तले. त्यांच्या ग्रंथातील काही मते पुढील संशोधनाने मागे पडली, परंतु त्यांनी लावलेले ग्रंथसंग्रहालय आजही ठाण्यात चालू आहे.

लेखकाचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येते; ते पुस्तक शंभर वर्षे जपणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही. तरीही कोणीतरी फळी झाडतो, फाटलेले पान चिकटवितो, आल्यागेल्या वाचकास हवे ते शोधून देतो. अशा सेवकाशी सौजन्याने वागणे आणि पुस्तक वेळेवर परत करणे, एवढे तर आपणांपैकी प्रत्येकाच्या हाती आहे. आणखी एक विनंती. घरातील माळा आवरताना जुनी पोथी, बखर, कुलवृत्तांत वा हिशेबाची वही सापडली तर ती रद्दीत देऊ नये, नदीत सोडू नये. जवळच्या ग्रंथालयात नेऊन दाखवावी. पळस्प्याच्या या सुपुत्राचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.