पेट्रोलवरच्या करातून रस्ते : बॅरिस्टर जयकरांची फारशी माहीत नसलेली कामगिरी

पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना जयकर हे नाव ग्रंथालयामुळे ठाऊक असतं. इतिहास वाचणाऱ्यांना पुणे करारावरची त्यांची सही आठवते. पण देशातल्या रस्त्यांसाठी पैसा कुठून आणायचा आणि ते बांधण्याचं शास्त्र कोणी सांभाळायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं याच बॅरिस्टरच्या समितीने शोधली होती.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू कुटुंबातला. १९०५ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी आणि चित्तरंजन दास यांच्यासोबत ते होते. पुढे ते स्वराज्य पक्षात गेले. पण नुसता अडवणुकीचा मार्ग त्यांना पटेना. कायदेमंडळात बसायचं तर लोकांच्या पदरात काहीतरी पाडून घ्यावं, असं मानणाऱ्यांत न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे हेही होते. १९२६ मध्ये या मंडळींनी प्रतियोगी सहकारिता पक्ष उभा केला.

रस्त्यांचं काम त्यांच्याकडे आलं ते केंद्रीय कायदेमंडळात असताना, १९२७ मध्ये.

तेव्हाची अडचण समजून घ्यायला यवतमाळ जिल्हा बघा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली होती, आजही तिला लोक शकुंतला म्हणतात. कापूस रेल्वेने बाहेर जायचा, पण स्टेशनपर्यंत तो बैलगाडीतूनच यायचा. वाटेत काळी जमीन. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि गाडीच्या लोखंडी धावा तिच्यात रुततात. त्यातच मोटारी वाढल्या. खडी-मुरुमाच्या रस्त्यावर भरधाव रबरी चाकं फिरली की खडीला धरून ठेवणारी बारीक माती उडून जाते आणि रस्ता उखडतो. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे सोपवले होते. प्रांतांनी बरेचसे रस्ते जिल्ह्यांच्या बोर्डांकडे ढकलले. बोर्डांची तिजोरी मात्र रिकामीच असायची.

जयकर समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्ते ही आता एकट्या प्रांताच्या किंवा जिल्ह्याच्या आवाक्यातली गोष्ट राहिलेली नाही, हा तिचा मुख्य मुद्दा. मोटार चालवणाऱ्यांकडून पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो वेगळ्या निधीत ठेवावा, असं तिने सुचवलं. १९२९ पासून गॅलनमागे २ आणे केंद्रीय रस्ते निधीत जाऊ लागले. जो रस्ता वापरतो त्यानेच खर्च उचलावा, हा हिशेब वकिलाला शोभेल असाच होता.

माझ्या मते मात्र त्यांची दुसरी शिफारस जास्त दूरदृष्टीची. प्रत्येक प्रांतातला इंजिनिअर आपापल्या चुका आपल्याच खर्चाने करत होता. मद्रासमध्ये काय टिकलं, हे वऱ्हाडात कळायचं नाही. म्हणून रस्त्यांच्या जाणकारांनी नियमित एकत्र यावं, अनुभव वाटून घ्यावा, असं समितीचं म्हणणं होतं. त्यातूनच डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. नावात काँग्रेस असलं तरी पक्षाशी काही संबंध नाही. सुरुवातीला ७३ सदस्य होते. आज देशात रस्त्याचा थर किती जाड असावा, वळण किती असावं, हे याच संस्थेच्या मानकांवरून ठरतं. डांबरी रस्त्यांच्या आराखड्यासाठी 'आयआरसी ३७' वापरतात. त्यात आधी खालच्या मातीची ताकद मोजतात, मग वरची जाडी ठरते. यवतमाळसारख्या काळ्या जमिनीवर त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

जयकर स्वतः या क्षेत्रात रमले नाहीत. गांधी-आयर्विन समेटासाठी तेजबहादूर सप्रूंसोबत मध्यस्थी, गोलमेज परिषद, १९३७ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायाधीशपद, मग संविधान सभा. तिथली त्यांची जागा रिकामी झाली आणि मुंबई प्रांतातून त्या जागेवर डॉ. आंबेडकर निवडून आले. १९४८ मध्ये जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १० मार्च १९५९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

दरम्यान, डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य इंजिनिअर नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते, ही आजही चालू असलेली वाटणी तिथलीच. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नसावं, असं उद्दिष्ट ठरलं. पांढरकवड्यावरून जाणारा वाराणसी-कन्याकुमारी रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग ७ झाला, आता त्याचा क्रमांक ४४ आहे.

महामार्गांना पैसा मिळत गेला, गावरस्ते मागेच राहिले. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि डिझेलवरच्या उपकराचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला. तोवर जयकर समितीच्या अहवालाला ७२ वर्षं झाली होती.