हसवणारी मेबल

मैत्रिणींनो, संशयी नवरा हा काही हसण्याचा विषय नाही. आमच्या मंडळात सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांकडून मी हे रोजच ऐकते. पण परवा लेकीने मोबाइलवर १९१४ सालचा एक मूकपट दाखवला आणि मी पोट धरून हसले. 'मेबल्स मॅरिड लाइफ' त्याचं नाव.

बागेत एक धटिंगण बायकोशी लगट करतो. किरकोळ नवऱ्याचं त्याच्यापुढे काही चालत नाही. त्याला मारामारी शिकता यावी म्हणून बायको बॉक्सिंगच्या सरावाचा पुतळा घरी आणते. नवरा दारू पिऊन येतो आणि पुतळ्यालाच तो माणूस समजून भांडत बसतो. ठोसा मारावा, तर पुतळा उलटून यालाच आपटतो!

नवरा झालाय चार्ली चॅप्लिन. बायको मेबल नॉर्मंड. चार्लीला कोण ओळखत नाही? मेबल मात्र विसरली गेली.

१८९२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर साध्या घरात ती जन्मली. कोवळ्या वयात चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसून पैसे मिळवू लागली. पुढे सिनेमात आली. १९१२ मध्ये मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत गेली. पडणं, धडपडणं, मार खाणं, सगळं स्वतः करायची. १९१४ मध्ये तर ती दिग्दर्शनही करत होती. चार्लीने आपला तो ढगळ विजारीचा वेष कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा घातला, तो तिने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटासाठी! सेनेटशी ठरलेलं लग्न मोडलं, तरी ती उभी राहिली. १९१८ चा तिचा 'मिकी' तुफान चालला.

मग १९२२ साल आलं. तिचा मित्र, दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर याचा घरात खून झाला. त्या संध्याकाळी ती त्याला भेटून गेली होती, एवढंच. तिच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही, खुनी आजवर सापडला नाही. पण वर्तमानपत्रांनी तिला सोडलं नाही. १९२४ मध्ये तिच्या ड्रायव्हरने एका श्रीमंत माणसावर गोळी झाडली, तेव्हाही बोटं मेबलकडेच! तिच्या चित्रपटांवर बंदीची मागणी झाली. १९२६ मध्ये तिने नट ल्यू कोडीशी लग्न केलं, पण क्षयाने पोखरलेलं शरीर फार टिकलं नाही. १९३० मध्ये ती गेली, अवघ्या ३७ व्या वर्षी.

पडद्यावरचा संशय दहा-पंधरा मिनिटांत फिटतो. खऱ्या आयुष्यात तो बाईला जन्मभर पुरतो. शेजारणीबद्दल कुणी कुजबुजलं, की आता मला मेबल आठवते. तुम्हीही आठवा.