जोसेफ ब्रामा : गळतीवर विजय मिळविणारा कारागीर

ट्रॅक्टरच्या पुढें दोन लोखंडी हात जोडून त्यांच्या टोकांस मोठें सुपडें बसविलेलें यंत्र आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. त्यास लोडर म्हणतात. चालक एक लहानसा दांडा ओढतो, आणि पुष्कळ माणसांस घमेल्यांनीं वाहावी लागली असती एवढी माती तें सुपडें एका खेपेंत उचलतें. ही शक्ति नळ्यांतून दाबाखालीं वाहणाऱ्या तेलाची होय. परंतु कधीं कधीं असें होतें कीं, इंजिन नीट चाललेलें असूनही सुपडें वर जात नाहीं. किंवा वर जातें आणि आपोआप हळूहळू खालीं उतरूं लागतें. अशा वेळीं पुष्कळ लोक इंजिनास दोष देतात. वास्तविक इंजिनाची शक्ति कमी झालेली नसते. ती वाटेंत कोठें तरी गळत असते. दीडदोनशें वर्षांहूनही अधिक काळापूर्वीं हीच अडचण ज्याच्यापुढें उभी राहिली, त्या जोसेफ ब्रामाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

ब्रामाचा जन्म इ. स. १७४८ मध्यें इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, बार्न्स्ले गांवाजवळ स्टेनबरो येथें झाला. त्याचा बाप शेतकरी होता. मुलगाही शेतीच करावयाचा. पण तरुणपणींच पायास दुखापत होऊन तो अधू झाला आणि नांगरामागें चालणें त्याच्यानें होईना. तेव्हां त्यास गांवांतल्या एका सुताराच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. जें संकट वाटलें तेंच त्याच्या भाग्याचें दार ठरलें. उमेदवारी संपल्यावर तो लंडन शहरीं गेला व लांकडी सामान करण्याचें काम करूं लागला.

त्याच्या अंगीं एक मोठा गुण होता. एखादी वस्तु बिघडली म्हणजे तो केवळ दुरुस्ती करून थांबत नसे. ती कां बिघडली हें शोधून काढी. घरांतून पाण्याचे शौचकूप बसवितांना त्यांतील झडप थंडींत गोठते हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें नवी झडप योजून १७७८ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. १७८४ मध्यें त्यानें एक नव्या तऱ्हेचें कुलूप काढलें. तसलें एक कुलूप त्यानें आपल्या पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकींत ठेविलें, आणि किल्लीवांचून तें उघडणारास दोनशें गिनींचें बक्षीस लावलें. तें त्याच्या हयातींत कोणासही उघडलें नाहीं. पुढें १८५१ मध्यें हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडलें. त्याला सोळा दिवसांत मिळून सुमारें एक्कावन्न तास खपावें लागलें.

या कुलुपाचे भाग फार अचूक करावे लागत. त्यासाठीं ब्रामानें १७८९ मध्यें वुलिच येथील सरकारी शस्त्रशाळेंतून हेन्री मॉडस्ले नांवाचा अवघा अठरा वर्षांचा मुलगा आपल्याकडे आणिला. या मुलाचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१७९५ मध्यें ब्रामानें जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें. कोंडलेल्या पाण्यावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा नियम पास्कल नांवाच्या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांतच दाखविला होता. समजा, एका लहान नळकांड्यांतील दट्ट्याचें तोंड १ चौरस इंच आहे, आणि त्यास नळीनें जोडलेल्या मोठ्या नळकांड्यांतील दट्ट्याचें १०० चौरस इंच आहे. लहान दट्ट्यावर १० पौंडांचा भार दिला तर मोठा दट्ट्या १,००० पौंड उचलील. मात्र मोठा दट्ट्या १ इंच चढण्यास लहान दट्ट्या १०० इंच खालीं दाबावा लागेल. निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं.

नियम खरा होता, हिशेब बिनचूक होता. पण यंत्र काम देईना. दाब वाढला कीं, मोठा दट्ट्या व त्याच्या भोंवतालचें नळकांडें यांच्या फटींतून पाणी बाहेर येई. ती फट घट्ट ठांसून बंद करावी, तर दट्ट्या आंवळला जाऊन काम संपल्यावर खालीं येत नसे. सैल करावी तर गळती, घट्ट करावी तर अडकाठी, असा हा पेंच होता.

तो सोडविण्याचें श्रेय तरुण मॉडस्लेस दिलें जातें. त्याची युक्ति अशी : दट्ट्याभोंवतीं उलट्या पन्हळीसारखें चामड्याचें कडें बसवावें व त्याची पोकळ बाजू पाण्याकडे ठेवावी. पाणी त्या पोकळींत शिरून कड्याचे दोन्ही ओंठ फांकवितें. एक ओंठ दट्ट्यास व दुसरा नळकांड्यास चिकटतो. दाब जितका अधिक तितकें कडें घट्ट. दाब सरला कीं तें सैल, आणि दट्ट्या मोकळा. जो दाब गळती उत्पन्न करीत होता, त्याच्याकडूनच गळती बंद करविली!

येथें आम्हांस एक खेदाची गोष्ट सांगितली पाहिजे. मॉडस्ले ब्रामाच्या कारखान्याचा मुख्य झाला, तरी त्याचा पगार आठवड्यास तीस शिलिंगच होता. संसार वाढल्यामुळें त्यानें वाढ मागितली. ब्रामानें ती दिली नाहीं. १७९७ मध्यें मॉडस्ले निघून गेला आणि स्वतंत्र कारखाना काढून इंग्लंडांतील अग्रगण्य यंत्रकारांत गणला गेला. पाण्याचा थेंबही गळूं नये म्हणून जपणाऱ्या ब्रामाच्या घरांतून असा मोलाचा माणूस गळून गेला, आणि तें त्याच्या लक्षांत आलें नाहीं. थोरांचे गुण घ्यावे, तसे त्यांचे दोषही ओळखावे.

तथापि ब्रामाचा उद्योग थांबला नाहीं. १८०६ मध्यें त्यानें बँकेच्या नोटांवर अनुक्रमांक छापणारें यंत्र केलें. हॅम्पशायरमधील होल्ट अरण्यांत त्याच्या जलदाबयंत्रानें झाडें मुळासकट उपटण्याचें काम चाललें असतां त्यास थंडी बाधली, आणि ९ डिसेंबर १८१४ रोजीं तो मरण पावला. त्याच्या मागें त्याचें यंत्र देशोदेशीं गेलें. वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या प्रचंड लोखंडी नळ्या १८४९-५० मध्यें अशाच यंत्रांनीं वर चढविल्या; आणि आपल्या मुंबईंत व खानदेश-वऱ्हाडांत कापसाच्या गांठी बांधणाऱ्या कारखान्यांतही हेंच तत्त्व राबूं लागलें.

आतां पुन्हां आपल्या लोडरकडे वळूं. त्यांत पाण्याऐवजीं तेल आणि चामड्याऐवजीं रबरासारख्या पदार्थांचें सील असतें. रोग मात्र जुनाच. सुपडें उठत नसेल तर प्रथम टाकींतील तेल पुरेसें आहे कीं नाहीं तें पाहावें. तेलास फेंस आला असल्यास पंपाकडे येणाऱ्या नळींतून हवा शिरत असावी. हवा दाबली जाते, म्हणून सुपडें धक्के देत चालतें. गाळणी तुंबली असल्यास पंपास तेल पोंचत नाहीं. उचललेलें सुपडें आपोआप उतरत असेल, तर दट्ट्याचें सील झिजलें असावें किंवा तेलाची वाट उघडझांक करणारी झडप आंतून गळत असावी. एवढें सर्व नीट असेल, तरच पंपावर संशय घ्यावा. मात्र उचललेल्या सुपड्याखालीं कधींही जाऊं नये, आणि गळती हातानें चांचपूं नये. बारीक छिद्रांतून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते, व वेळीं उपचार न झाल्यास हातही गमवावा लागतो. गळतीचा संशय असेल तेथें पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत अपयश आलें म्हणजे आपल्याला बुद्धीच नाहीं असें आपण म्हणूं लागतों. तसें म्हणण्यापूर्वीं ब्रामाचें यंत्र आठवावें. शक्ति बहुधा पुरेशी असते. ती आळसाच्या, अनियमितपणाच्या एखाद्या बारीक फटींतून वाहून जात असते. ती फट शांतपणें शोधावी, आणि ती बुजविण्यास जो साह्य करील त्याचे उपकार विसरूं नयेत, इतकेंच आमचें मागणें आहे.