बुद्धिबळपटु कापाब्लांका

जोसे राऊल कापाब्लांका याचा जन्म १८८८ सालीं क्यूबांतील हवाना शहरीं झाला. वडिलांचा खेळ नुसता पाहूनच तो चौथ्या वर्षीं बुद्धिबळें शिकला. सत्तावीस वर्षें जगज्जेता असलेल्या लास्करला त्यानें १९२१ सालीं एकही डाव न गमावतां जिंकलें.

वजीर मारले गेले कीं पुष्कळांचा उत्साह मावळतो. याचा खरा खेळ तेथून सुरू होई. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें टार्टाकोव्हरशीं खेळतांना दोघांजवळ एकेक हत्ती व थोडीं प्यादीं उरलीं होतीं. कापाब्लांकानें आपला राजा खुशाल पुढें काढला. प्रतिपक्षानें शह देत दोन प्यादीं मारलीं, तरी तो थांबला नाहीं. राजा शत्रूच्या राजासमोर जाऊन उभा राहिला, पुढें सरलेल्या प्याद्यास त्याचा आधार मिळाला, आणि डाव हातीं आला. मोहरे थोडे उरले म्हणजे राजा लपवावयाचा नसतो, लढवावयाचा असतो, हें याहून स्पष्ट आम्हीं कोठें पाहिलें नाहीं. शिकणारानें प्रथम डावाचा शेवटच अभ्यासावा, असें त्याचें मत होतें. तें आम्हांस पटतें, कारण थोड्या मोहऱ्यांतच एकेकाचें बळ नीट कळतें.

१९२७ सालीं अलेखिननें त्याचें पद जिंकलें. पुन्हा सामना व्हावा म्हणून तो झटला. तो कधींच जुळला नाहीं. १९४२ च्या मार्चांत न्यूयॉर्क येथें तो वारला.